कॅटनिसच्या २० चिठ्ठ्या: किशोरवयीन नायकांच्या डिस्टोपियन गोष्टी इतक्या का भिडतात?

जुईचा_वेल

'द हंगर गेम्स'च्या पहिल्याच प्रकरणात एक हिशेब येतो. पुढे रिंगणात काय होतं ह्याची घाई असल्यामुळे बरेच वाचक तो ओलांडून जातात. मला मात्र ह्या प्रकारच्या (डिस्टोपियन, म्हणजे जुलमी, बिघडलेल्या कल्पित जगाच्या) गोष्टींचं मर्म तिथेच आहे असं वाटतं, म्हणून हा धागा. (पुढे तिन्ही भागांतले रहस्यभेद येणार आहेत, वाचलं नसेल त्यांनी जपून.)

पॅनेम नावाच्या देशात एक राजधानी आणि १२ जिल्हे. जिल्ह्यांनी पूर्वी बंड केलं, ते चिरडलं गेलं. त्याची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडायची, त्या २४ जणांना रिंगणात सोडायचं आणि एक उरेपर्यंत एकमेकांना मारायला लावायचं. सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं, सक्तीने. बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, अशा अठराव्या वर्षी सात. इथवर सगळे सारखे. पण घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसापुरतं वर्षाचं जेमतेम धान्य आणि तेल मिळवता येतं. घरातल्या प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी, आणि ह्या चिठ्ठ्या वर्षागणिक साठत जातात. नायिका कॅटनिस बाराव्या जिल्ह्यातली, १६ वर्षांची. आई, धाकटी बहीण आणि ती स्वतः, म्हणजे दरसाल तीन जादा. पाच वर्षांच्या १५, वयाच्या पाच, एकूण २०. तिचा मित्र गेल १८ वर्षांचा, घरात पाच तोंडं, त्याच्या ४२. आणि मेयरच्या मुलीच्या फक्त पाच.

नियम सगळ्यांना एकच आणि किंमत मात्र गरिबाने जास्त मोजायची, हे माणसाला पहिल्यांदा लख्ख दिसतं ते पंधराव्या-सोळाव्या वर्षीच. वर्गातल्या एकाला क्लासची फी परवडते, शेजारी बसणाऱ्याला परवडत नाही, पेपर दोघांना तोच. घरी विचारलं तर 'असंच असतं, तू अभ्यासाकडे बघ' एवढं ऐकायला मिळतं. ही कादंबरी त्या मुलाला सांगते की तुला दिसतंय ते खरं आहे, आणि हे घे त्याचं गणित.

दुसरं म्हणजे शब्दाला असलेली किंमत. आपल्या घरांत त्या वयाच्या मुलाला सकाळी 'आता तू लहान नाहीस' म्हणतात, आणि संध्याकाळी तो सायन्सला नको जायला म्हणाला की 'तुला काय कळतंय'. जबाबदारी अंगावर पडलेली असते, पण निर्णयात कोणी धरत नाही. कॅटनिसचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले तेव्हा ती ११ वर्षांची होती. आई त्या धक्क्याने पार मिटून गेली. तेव्हापासून कुंपणाखालून जंगलात शिरून, वडिलांच्या धनुष्याने शिकार करून घर तिने चालवलं आहे. धाकट्या प्रिमचं नाव निघतं, एकुलत्या एका चिठ्ठीवर, तेव्हा ती पुढे होते आणि 'तिच्याऐवजी मी जाते' म्हणते. त्या एका वाक्याने पुढचं सगळं हलतं. सोळा वर्षांच्या मुलीचा शब्द इतका मोलाचा ठरताना बघणं ही त्या वयात केवढी मोठी गोष्ट आहे!

'मुलांना बंडखोरी आवडते' हे नेहमीचं स्पष्टीकरण म्हणूनच मला तोकडं वाटतं. कॅटनिसला बंड करायचंच नसतं. तिला बहीण जिवंत राहायला हवी असते. तुम्हाला काय वाटतं?

कातळशिल्प

धागा आवडला, पण विरोध नोंदवतो. मनाचं वगैरे ठीक आहे, तरी ही लाट नेमकी तेव्हाच का आली हे बघायला हवं.

पहिला भाग आला १४ सप्टेंबर २००८ला. दुसऱ्याच दिवशी लेहमन ब्रदर्स ह्या बड्या अमेरिकन बँकेने दिवाळखोरी जाहीर केली. तारखा जुळणं हा योगायोग, पण पुस्तक हातात घेणारा मुलगा कोणत्या घरात बसला होता ते त्यावरून कळतं. बापाची नोकरी धोक्यात, घराचे हप्ते थकलेले. त्या वर्षी सोळा वर्षांचा असलेला अमेरिकन मुलगा न्यूयॉर्कचे मनोरे पडले तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि तेव्हापासून त्याच्या घरातल्या टीव्हीवर युद्ध चालूच होतं. लेखिका सुझन कॉलिन्सने स्वतः सांगितलंय की रात्री चॅनेल बदलताना एकीकडे रिअ‍ॅलिटी शोमधली तरुण मुलं आणि दुसरीकडे इराकमधली लढाई दिसत होती, ती दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळत गेली आणि कल्पना सुचली. तिचे वडील हवाई दलात होते, व्हिएतनामला जाऊन आलेले. म्हणजे काळही तसा होता आणि लिहिणारीही तशाच घरातली.

त्यानंतर मात्र निव्वळ बाजार झाला. २०११मध्ये 'डायव्हर्जंट' आलं. सोळाव्या वर्षी पाच गटांपैकी एक निवडायचा आणि जन्मभर तिथेच राहायचं. चित्रपटही निघाले. तिसरा २०१६मध्ये आपटला आणि ठरलेला चौथा कधी आलाच नाही. प्रेक्षक अर्ध्या गोष्टीवर सोडून दिले. आता सांगा, सोळा वर्षांच्या मुलांचं मन त्या चार-पाच वर्षांत बदललं का? भिडण्याचं कारण वयात असतं तर लाट ओसरायला नको होती.

आणखी एक. २०१२मध्ये अमेरिकेत बाउकर ह्या संस्थेने पाहणी केली, त्यात 'किशोरांसाठी' म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून जास्त वयाचे निघाले. म्हणजे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मोठ्यांचं. त्यांच्या शब्दाला तर घरात किंमत असते ना?

हळदीचं_पान

कातळशिल्प, शेवटच्या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर देते. मी ४३ वर्षांची आहे, कंपनीत बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे, आणि नाही, माझ्या शब्दाला फारशी किंमत नसते. वरून ठरतं, आम्ही राबवतो. मला कॅटनिस भावली ती म्हणूनच.

मास्तर_औसा

मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. आमच्या भागात पुस्तक वाचलेली मुलं फार थोडी, पण चित्रपट हिंदी डबिंगमध्ये मोबाइलवर बऱ्याच जणांनी बघितले आहेत. एकदा तासाला विषय निघाला तेव्हा मला वाटलं की धनुष्यबाण, प्रेमप्रकरण असल्या गोष्टी बोलतील. मुलं बोलली ती पहिल्या आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोरांबद्दल.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: श्रीमंत जिल्ह्यांतली मुलं लहानपणापासून ह्या खेळाची तयारी करतात आणि आपणहून नाव देतात. बाराव्या जिल्ह्यातलं खाणकामगाराचं पोर रिंगणात उतरतं तेव्हा त्याच्या हातात आयुष्यात कधी शस्त्र आलेलं नसतं. वरून रिंगणात मदत पाठवायची तर पैसेवाला प्रायोजक लागतो. औषधाची एक डबी पॅराशूटने खाली येते, पण ती कोणासाठी येणार हे कोणाच्या मागे पैसा आहे त्यावर ठरतं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, ते पहिल्या जिल्ह्यातले म्हणजे आठवीपासून फाउंडेशन लावलेले.' वर्गात कोणी हसलं नाही. तिने सहज सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं.

लातूर पॅटर्न हा शब्द महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच्या मागे काय असतं ते आम्ही रोज बघतो. खोलीत चार कॉट, भिंतीवर वेळापत्रक, दिवाळीलाही घरी न गेलेली पोरं. २०२४मध्ये नीटला २४ लाखांच्या आसपास नोंदणी होती आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्याच वर्षी पेपरफुटीवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दोन वर्षं खोलीत कोंडून घेतलेल्या पोराला तेव्हा काय वाटलं असेल? खेळाचे नियम ऐन वेळी बदलले जातात, हे त्याला कोणत्याही कादंबरीने शिकवायची गरज राहिली नाही.

तुलना फार ताणू नये हे मान्य. परीक्षेत कोणी कोणाचा जीव घेत नाही, आणि शिक्षणाने माणसं वर आली हे मी स्वतः बघितलंय. पण 'एकाच्या यशासाठी बाकीच्यांनी मागे पडायलाच हवं' ही मांडणी आमच्या मुलांच्या रोजच्या जगण्यात आहे. अमेरिकेतल्या आर्थिक संकटाचं त्यांना काही देणंघेणं नाही, तरी गोष्ट त्यांना कळते. त्यामुळे कातळशिल्प ह्यांचं काळाचं कारण मला अर्धंच वाटतं.

चांदणवेल

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं.

मी किशोरवयीन मुलांच्या समुपदेशनाचं काम करते, त्या बाजूने थोडं लिहिते. डेव्हिड एल्काइंड ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६७मध्ये एक कल्पना मांडली, 'काल्पनिक प्रेक्षक'. ह्या वयात मुलांना सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडे बघताहेत. गालावरची पुटकुळी, जुना डबा, वर्गात अडखळलेला एक शब्द, सगळ्यांनी टिपलं असणार आणि सगळे त्यावरच बोलत असणार. मोठ्यांना हे हास्यास्पद वाटतं. त्या मुलाला मात्र ते श्वास घेण्याइतकं खरं असतं.

आता रिंगण बघा. तिथे प्रेक्षक काल्पनिक नाहीतच. झाडाझाडांत कॅमेरे आहेत. एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅटनिस रात्रभर झाडावर लपून बसलेली असते, आणि तिच्याच जिल्ह्यातला पीटा शत्रूच्या टोळीला जाऊन मिळालाय हे तिला खालच्या बोलण्यावरून कळतं. आतून ती हादरलेली असते. पण पहाटे पानांच्या आडून बाहेर येताना ती क्षणभर उजेडात थांबते, कॅमेऱ्यांना चेहरा टिपायला वेळ देते, मान जराशी कलती करते आणि सगळं ठाऊक असल्यासारखं हसते. लोकांना कोड्यात पाडलं तर प्रायोजक मिळतील, हा हिशेब. भीती आत आणि चेहरा वेगळाच. माझ्याकडे येणारी मुलं इन्स्टाग्रामवर दिवसभर हेच करत असतात आणि थकून जातात. कोणी तरी त्यांचा तो थकवा शब्दांत पकडला आहे, हे त्यांना वाचताना जाणवतं.

ह्याच्या उलटचा प्रसंगही तितकाच बोलका आहे. खेळाआधी प्रत्येकाला परीक्षकांसमोर एकट्याने आपलं कसब दाखवायचं असतं. कॅटनिसची पाळी सगळ्यात शेवटी येते. परीक्षक तोवर कंटाळलेले, पीत बसलेले, सगळं लक्ष टेबलावर नुकत्याच आलेल्या भाजलेल्या डुकराकडे. ती नेम धरते आणि डुकराच्या तोंडातलं सफरचंद बाणाने उडवून भिंतीला खिळवते. मग वाकून नमस्कार करते आणि कोणी 'जा' म्हणायची वाट न बघता निघून जाते. जिवावरची परीक्षा चाललीय आणि मोठी माणसं ताटात बघताहेत, हा अपमान कोणत्या मुलाने सोसलेला नसतो?

एक तंत्राची गोष्टही आहे. सगळी कादंबरी तिच्याच तोंडून, चालू वर्तमानकाळात येते. 'मी तेव्हा पळाले' अशी आठवण नाही, 'मी पळतेय' असं. सांगणारी पुढच्या पानावर असेल की नाही ह्याची खात्री वाचकाला मिळत नाही. पुढचं काहीच माहीत नसताना जगायचं, हा त्या वयाचा अनुभवच आहे.

राघू_मैना

सफरचंदाच्या प्रसंगाबद्दल +१. मी तेवढी पानं परत परत वाचलीत.

उगवतीकडे

जपानमध्ये बरीच वर्षं राहतो, म्हणून 'बॅटल रोयाल'बद्दल लिहितो. 'हंगर गेम्स' आल्यावर पुष्कळांना ह्याचीच आठवण झाली होती. कादंबरी १९९९ची, चित्रपट २०००चा. नववीतल्या एका वर्गाला बेटावर नेऊन सोडतात, ४२ मुलं, तीन दिवस, शेवटी एकच जिवंत राहायला हवा.

चित्रपटाचे दिग्दर्शक किंजी फुकासाकू तेव्हा सत्तरीचे होते. मुलांच्या गोष्टीत सत्तरीच्या माणसाला एवढं काय दिसलं, त्याचं उत्तर १९४५मध्ये आहे. तेव्हा ते १५ वर्षांचे होते आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लावले गेले होते. कारखान्यावर तोफांचा भडिमार झाला तेव्हा मुलं एकमेकांच्या अंगाखाली लपायला बघत होती. त्यातून जी वाचली त्यांना आपल्याच सोबत्यांचे मृतदेह उचलावे लागले. सरकारने आणि मोठ्यांनी युद्धाबद्दल जे जे सांगितलं होतं ते खोटं होतं, हे त्या दिवशी कळलं, असं ते सांगत. त्यांच्या दृष्टीने हे भविष्यातल्या कुठल्या तरी देशाचं चित्र नव्हतंच.

हा चित्रपट जपानच्या संसदेत चर्चेला आला. त्याला १५ वर्षांखालच्यांना बंदीचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे पडद्यावर ज्या वयाची मुलं होती, जवळपास त्याच वयाच्या मुलांना थिएटरात मज्जाव. फुकासाकूंना ते मान्य नव्हतं. आपल्या नातवंडांच्या वयाच्या मुलांसाठीच तर त्यांनी तो केला होता.

त्यामुळे कातळशिल्प, २००८च्या कितीतरी आधी, वेगळ्या देशात, वेगळ्या जखमेतून हीच गोष्ट निघालेली आहे. लाट बाजाराची असेल, पण झरा जुना आहे.

तळ्याकाठी

चर्चा फार छान चालली आहे, पण एका आईचा प्रश्न. माझी मुलगी १२ वर्षांची, सातवीत. मैत्रिणीकडून 'हंगर गेम्स' आणलंय आणि वाचू का म्हणून मागे लागलीय. मुलांनी मुलांना मारायचं, हे तिने ह्या वयात वाचावं का? अमेरिकेतही ह्या पुस्तकावर आक्षेप घेतले गेले ना?

चांदणवेल

तळ्याकाठी, हो. तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या १० पुस्तकांच्या यादीत ते २०१०, २०११ आणि २०१३मध्ये होतं. तुमच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते, रात्री वेळ मिळाला की.

जुईचा_वेल

उगवतीकडे, फुकासाकूंबद्दल वाचून अंगावर काटा आला. मनापासून आभार.

ह्यावरून मला एक जुना धागा दिसतो. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९च्या '१९८४' ह्या कादंबरीत नायक विन्स्टन ३९ वर्षांचा आहे. त्या गोष्टीत मुलंही आहेत, पण ती कोण? हेरगिरी शिकवलेली, गणवेशातली, शेजाऱ्यांकडे संशयाने बघणारी. विन्स्टनच्या शेजाऱ्याला पकडून देते ती त्याची स्वतःची सात वर्षांची मुलगी, आणि तो कोठडीत बसून तिचा अभिमान बाळगतो. दोन महायुद्धं आणि गणवेशातल्या मुलांच्या संघटना बघितलेल्या पिढीला मुलांची भीती वाटत होती: ती कोवळी, सत्तेने हवं तसं वळवावी अशी. शेवटी विन्स्टन हरतो, पुरता हरतो.

अर्ध्या शतकानंतरच्या गोष्टींत नेमकं उलट झालं. आता मोठी माणसं वळवली गेलेली आहेत, सरावलेली आहेत, आणि ज्याचं अजून पक्कं व्हायचंय अशा मुलालाच काही तरी विचित्र वाटतंय. 'हे असं का?' हा प्रश्न ज्याला अजून पडतो तो नायक. मोठ्या वाचकांना ह्या गोष्टी का आवडतात, त्याचं एक उत्तर मला इथे दिसतं. आपल्यालाही तो प्रश्न एकेकाळी पडत होता हे त्यांना आठवतं.

आणि लाट ओसरली ती नकलांची. भिंत, गट, गणवेश, दोन मुलांमध्ये अडकलेली मुलगी, एवढं घेतलं आणि चिठ्ठ्यांचा हिशेब मागे राहिला. मूळ मालिका संपलेली नाही. २०२५मध्ये आलेल्या पुस्तकात हेमिच (पुढे खेळात कॅटनिसचा मार्गदर्शक होणारा जुना विजेता) १६ वर्षांचा आहे, पन्नासावे खेळ, त्या वर्षी मुलंही दुप्पट, ४८. लोकांनी तेही भरभरून वाचलं.

मेकाँगकाठचा

बँकॉकहून लिहितो. इथे ह्या गोष्टीने पुस्तकाबाहेर पाऊल टाकलं, ते मी बघितलंय.

बारावा जिल्हा कॅटनिसला निरोप देतो तेव्हा टाळ्या वाजवत नाही. लोक डाव्या हाताची मधली तीन बोटं ओठांना लावून तिच्याकडे उंचावतात. आदर, आभार आणि निरोप, अशी ती जुनी खूण. मे २०१४मध्ये थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली, पाच किंवा जास्त लोकांनी राजकीय कारणासाठी एकत्र यायला बंदी आली, आणि काही दिवसांतच लोकांनी रस्त्यावर ती तीन बोटं वर केली. लष्कराने त्यावर कारवाईचा इशारा दिला. नोव्हेंबरमध्ये खोन केनला पंतप्रधान भाषण करत असताना पाच विद्यार्थी समोर जाऊन उभे राहिले, बोटं वर केली, आणि ताब्यात घेतले गेले. त्याच आठवड्यात तिसरा चित्रपट लागणार होता, तर बँकॉकमधल्या एका चित्रपटगृहसाखळीने त्याचे खेळच रद्द केले.

२०२०मध्ये ते शाळांत पोचलं. सकाळी झेंडावंदनाच्या वेळी, राष्ट्रगीत चालू असताना, गणवेशातल्या मुलामुलींनी तीन बोटं वर केली. केसांना पांढऱ्या फिती. मागण्या ऐकाल तर केस किती कापायचे हा शाळेचा नियम, शिक्षकांची मारहाण, आणि त्याच यादीत राज्यघटना. मोठ्यांना ती सरमिसळ वाटली. मला वाटतं मुलांचं बरोबर होतं. त्यांच्या बाबतीत सत्तेची सुरुवात केसांपासूनच होते.

पुढच्या वर्षी म्यानमारमध्ये १ फेब्रुवारीला लष्कराने सत्ता बळकावली, आणि डॉक्टर, नर्सेस, विद्यार्थी सगळ्यांनी हीच खूण उचलली. २६ फेब्रुवारी २०२१ला त्यांच्या राजदूतांनी, क्याव मो तुन ह्यांनी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लष्कराविरुद्ध भाषण केलं आणि शेवटी तीन बोटं वर केली. पन्नाशीतला राजनैतिक अधिकारी, किशोरांच्या कादंबरीतली खूण.

पण हेही लिहायला हवं की त्यातल्या कित्येकांचं पुढे भलं झालं नाही. थायलंडमध्ये खटले भरले गेले, काही जण तुरुंगात गेले, म्यानमारमध्ये तर रस्त्यावर गोळ्या चालल्या. तीन भागांत राजवट पडते, ते कादंबरीत.

खानदेशी_वारं

मेकाँगकाठचा, तुमचं वाचून मला आमच्या नंदुरबारचा शिरीषकुमार आठवला. ९ सप्टेंबर १९४२, छोडो भारतचे दिवस. हातात तिरंगा घेऊन मुलांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार गेला, त्याच्यासोबत आणखी चार पोरं गेली. त्याला सोळावं पूर्ण व्हायचं होतं. आम्ही लहानपणापासून ते स्मारक बघत आलो. तेव्हा किशोरवयीन नायक ही काही परदेशी कल्पना नाही, आपल्या मातीत खरीखुरी मुलं होऊन गेलीत.

जुईचा_वेल

खानदेशी, बरं झालं हे नाव इथे आलं. मी ह्यावर बराच वेळ विचार करत बसले.

शिरीषकुमार आम्हाला शाळेत तसबिरीसारखा शिकवला. तारीख, घोषणा, छातीवर गोळ्या, हुतात्मा. सकाळी घरून निघताना त्याने काय खाल्लं, आईला काय सांगून निघाला, समोर बंदूक दिसल्यावर पाय थरथरले का, हे कोणी कधी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल आदर वाटला, पण तो आपल्या वर्गातला मुलगा होता असं कधी वाटलं नाही. कॅटनिसला मात्र आम्ही भ्यायलेली बघतो, चिडलेली, बहिणीच्या शेळीच्या चीजवर जीव असलेली, वाईट विचार करणारी, हिशेबी. काल्पनिक असून ती जवळची वाटते.

मराठीत पोरांच्या साहसकथा भरपूर आहेत आणि त्या आपण प्रेमाने वाचल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून सुटतो, चोर पकडतो. पण त्या जगात शेवटी पोलीस येतात आणि गोष्ट सुखरूप संपते. वाईट असतात ती चार माणसं, व्यवस्था आपल्या बाजूची असते. व्यवस्थाच अंगावर आलेली आहे आणि तिच्या समोर आपल्या भाषेत बोलणारी, औशाच्या खोलीतली पंधरा वर्षांची मुलगी उभी आहे, अशी कादंबरी मला मराठीत वाचायची आहे. मास्तरांच्या मागच्या बाकावरची ती मुलगी लिहील का?

मास्तर_औसा

तिला हा धागा दाखवतो.

कातळशिल्प

बरंच पटतंय, जपानचं उदाहरण तर पूर्ण पटलं. तरी एक आक्षेप मागे घेत नाही. ह्या गोष्टी मुलांना खूश करतात. मोठे सगळे दुष्ट नाही तर निकामी, आणि शहाणपण सगळं सोळाव्या वर्षी. हे खोटं आहे आणि धोक्याचंही. शासन उलथणं म्हणजे एक बाण मारणं नव्हे.

जुईचा_वेल

नकलांच्या बाबतीत हा आक्षेप शंभर टक्के खरा. पण मूळ मालिकेचा तिसरा भाग तुम्ही वाचला असेल तर आठवून बघा (मोठा रहस्यभेद!).

बंडखोरांची नेता कॉइन राजधानी जिंकते. त्याआधी राजवाड्यासमोर जमलेल्या मुलांवर बॉम्ब पडतात, लोक जखमींना उचलायला धावतात आणि मग दुसरा स्फोट होतो. त्यात प्रिम जाते. जिच्यासाठी सगळं सुरू झालं तीच. बॉम्ब बहुधा आपल्याच बाजूचे होते, आणि ती युक्ती गेलने मांडलेल्या कल्पनेसारखी होती. जिंकल्यावर कॉइन प्रस्ताव ठेवते: राजधानीच्या मुलांना घेऊन एक शेवटचे खेळ भरवू. उरलेल्या विजेत्यांचं मत घेतलं जातं. कॅटनिस 'हो' म्हणते. आणि मग जुन्या हुकूमशहाला मारायला दिलेला बाण कॉइनवर सोडते.

ह्यात मुलांना खूश करण्यासारखं काय आहे? तिला काही मिळत नाही. रात्री किंचाळत उठते, औषधांवर असते, राजधानीपासून लांब पाठवली जाते. आणि मोठ्यांपैकी तिचा वेशभूषाकार सिन्ना आहे, जो तिच्या कपड्यांतून बोलतो आणि त्याची किंमत मोजतो. दारू पिऊन पडलेला हेमिच आहे, जो २३ वर्षं दर वर्षी दोन मुलांना मरताना बघत आलाय. निकामी का झाला हे कळल्यावर त्याचा राग येत नाही.

कातळशिल्प

तिसरा भाग अर्ध्यात सोडला होता. आता पूर्ण वाचतो.

चांदणवेल

तळ्याकाठी, उशीर झाला. तुमच्या प्रश्नाबद्दल.

सातवीतल्या मुलीसाठी मी आधी लोइस लोरीचं 'द गिव्हर' सुचवेन. १९९३चं पुस्तक, त्याला अमेरिकेत बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. नायक जोनास तुमच्या मुलीएवढाच, १२ वर्षांचा होतो तेव्हा त्याचं काम ठरवलं जातं. दुःख नाही, भांडण नाही, भूक नाही असं गाव, पण तिथे रंगही दिसत नाहीत आणि मागचं कोणालाच आठवत नाही. सगळ्या आठवणी एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे, त्या जोनासने घ्यायच्या. लोरीच्या वडिलांची स्मृती म्हातारपणी जात चालली होती, त्यातून ही कल्पना आली असं तिने सांगितलंय.

त्यात लढाई नाही. तरी एक जागा अवघड आहे, ती आधीच सांगून ठेवते. जोनासचे वडील प्रेमळ आहेत, बाळांची काळजी घेणं हेच त्यांचं काम. जुळ्यांपैकी वजनाने कमी भरलेल्या बाळाला ते 'सोडून देतात' म्हणजे काय करतात, हे जोनास पडद्यावर बघतो. वडील लाडाच्या आवाजात बाळाशी बोलत कपाळावरच्या शिरेत इंजेक्शन देतात. तेवढं प्रकरण तुम्ही आधी वाचून ठेवा आणि ती वाचेल तेव्हा घरात असा. ती विचारायला येईल. 'बाबांना माहीत होतं का?' हाच प्रश्न बहुतेक मुलं विचारतात. उत्तर तयार नसलं तरी चालेल, फक्त 'गोष्ट आहे ती' म्हणून टाळू नका.

'हंगर गेम्स'चा पहिला भाग त्यानंतर वर्षभराने, तेराव्या-चौदाव्या वर्षी. मैत्रिणी वाचत असतील आणि ती थांबायला तयार नसेल तर लपून वाचू देण्यापेक्षा दोघींनी मिळून वाचा. हिंसा पडद्यावर दिसते त्यापेक्षा पानांवर जास्त सोसवते, कारण कॅटनिसला मारण्यात आनंद नाही हे प्रत्येक ओळीत कळतं. रू (रिंगणातली कॅटनिसची छोटी सोबतीण) मरते तिथे बहुतेक मुली रडतात, रडू द्या. तिसरा भाग मात्र पंधराव्या वर्षापर्यंत मागे ठेवा. वर जुईने लिहिलंय ते बाराव्या वर्षी पेलणारं नाही.

तळ्याकाठी

मनापासून धन्यवाद. 'द गिव्हर' मागवलं आहे. आधी मी वाचते, मग तिला देते. 'हंगर गेम्स'चं तिला सांगितलं, थोडी रुसली आहे. चिठ्ठ्यांचा हिशेब मात्र तिने माझ्याकडून ऐकला आणि वहीत मांडून बघितला. 'मग गेलचं नाव का नाही निघालं?' असं विचारतेय.